माइकला भिंतही ऐकू येते

ध्वनिमुद्रणात माणसाच्या आवाजाबरोबर तो जिथे उमटला ती जागाही उतरते. एकच माणूस, एकच माइक आणि एकच वाक्य घेऊन ते न्हाणीघरात, गाद्या-गोधड्यांनी भरलेल्या खोलीत आणि मोकळ्या माळावर असे तीनदा मुद्रित केले, तर कोणते कुठले हे ऐकणाऱ्याला सांगावे लागत नाही. न्हाणीघरातला आवाज घुमतो. गोधड्यांमधला कोरडा आणि जवळचा वाटतो. माळावरचाही कोरडाच, पण त्यात वारा, टिटवी आणि लांबच्या रस्त्यावरचा ट्रक मिसळलेला असतो. ध्वनिमुद्रकाची निम्मी कसरत याच फरकांशी चाललेली असते.

घुमण्याचे कारण साधे आहे. वीस अंश सेल्सिअसच्या हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा बाय दहाच्या खोलीत मधोमध बोललेला शब्द सेकंदाच्या दोनशेव्या भागाच्या आत भिंतीला पोचतो, तिथून उलटतो आणि समोरची भिंत, छत, फरशी असा आदळत राहतो. माइकपर्यंत आधी मूळ शब्द येतो आणि त्याच्या पाठोपाठ त्याच शब्दाची शेकडो परावर्तने. कानापर्यंतही हे सगळे येतेच. पण मूळ ध्वनीनंतर तीस-चाळीस सहस्रांश सेकंदांत आलेली परावर्तने मेंदू वेगळी ऐकत नाही, मूळ ध्वनीतच जमा करतो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९च्या सुमारास हा परिणाम मोजून दाखवला. शिवाय दोन कान असल्यामुळे समोरच्याचा आवाज आणि आजूबाजूचा घुमारा यांची दिशा माणसाला वेगळी कळते. माइकला यातले काही जमत नाही. म्हणूनच प्रत्यक्षात ठीक वाटलेली खोली रेकॉर्डिंगमध्ये ‘डब्यात बोलल्यासारखी’ निघते. दोष बहुधा माइकवर जातो आणि जास्त महागाचा माइक आणला जातो. तो भिंती आणखी स्पष्ट ऐकतो.

खोली किती घुमते हे मोजण्याची रीत अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात सापडली. १८९५मध्ये तिथल्या फॉग कला संग्रहालयाची नवी इमारत उघडली आणि तिच्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कुणाला कळेना. रिकाम्या दालनात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळत होता. तेवढ्या वेळात वक्ता पुढची बारा-पंधरा अक्षरे बोलून मोकळा झालेला असे. दुरुस्तीचे काम वॉलेस क्लेमेंट सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे आले. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजण्याचे यंत्र आणि स्वतःचे कान एवढीच त्यांची सामग्री. शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या आसनांच्या गाद्या ते रात्री उचलून आणत, एकेक गादी वाढवत घुमारा मोजत आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर ठेवत. रात्रीची वेळ निवडण्याचे कारण बाहेरची शांतता. मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडे बदलले तरी आकडे बदलतात हे लक्षात आल्यावर आधीच्या हजारो नोंदी त्यांनी बाद केल्या आणि पुढे प्रयोगाच्या वेळी तेच ठरावीक कपडे घातले.

एवढ्या कष्टातून निघालेले सूत्र मात्र शाळकरी मुलालाही वापरता येईल असे आहे. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ने गुणावे आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागावे. येणारे उत्तर म्हणजे आवाज साठ डेसिबलने उतरायला, अर्थात दशलक्षांशावर यायला, लागणारे सेकंद. शोषण मोजायला सॅबिन यांनी आधी गाद्यांचेच माप धरले होते. पण एका थिएटरच्या गाद्या जगभर कुठून आणणार? मग त्यांनी उघडी खिडकी हे एकक घेतले. उघड्या खिडकीवर पडलेला ध्वनी बाहेर जातो तो जातोच, परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक एकक.

या एककातच खोली आणि मोकळी जागा यांचे नाते दडलेले आहे. नव्या फ्लॅटमधली रिकामी खोली दहा फूट लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच धरली, तर घनफळ साधारण २८ घनमीटर होते आणि भिंती, छत, जमीन मिळून पृष्ठभाग सुमारे ५६ चौरस मीटर. गिलावा आणि टाइल्स आपल्यावर पडलेल्या ध्वनीचा जेमतेम चार टक्के भाग शोषतात. सूत्रात आकडे घातले की घुमारा दोन सेकंदांचा निघतो. निवेदनाच्या खोलीत तो पाव ते अर्ध्या सेकंदात बसला पाहिजे. ०.३ सेकंदांचे लक्ष्य ठेवले तर पंधरा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढे शोषण लागते, म्हणजे पृष्ठभागाचा चौथा हिस्सा जवळपास पूर्ण शोषक करावा लागतो. एका भिंतीवर पडदा लावून हे होत नाही, ते या हिशेबावरून स्पष्ट व्हावे. उलट माळावर चारही भिंती आणि छत म्हणजे उघडी खिडकीच. उरते फक्त जमीन. उत्तम ध्वनिशोषक खोली म्हणून अभियंते जे घडवू पाहतात, ते निव्वळ घुमाऱ्याच्या बाबतीत कोणत्याही पठारावर फुकट मिळते.

दुसरा फरक अंतराचा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो आणि असाच उतरत जातो. खोलीत मात्र तो काही अंतरापर्यंतच उतरतो. त्यापुढे परावर्तनांचा साठा मूळ आवाजापेक्षा मोठा होतो आणि माइक कितीही मागे नेला तरी पातळी फारशी बदलत नाही, फक्त आवाज अधिकाधिक पोकळ होतो. वरच्या रिकाम्या खोलीत ही सीमा हिशेबाने साधारण वीस सेंटिमीटरवर, वीतभरावर येते. घुमारा ०.३ सेकंदांवर आणला की ती अर्ध्या मीटरच्या पुढे सरकते. घरून बैठकीला बसणाऱ्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा का येतो, याचे उत्तर इथे आहे: लॅपटॉप हातभर लांब असतो आणि त्याचा माइक माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकत असतो.

इतके असूनही उघड्यावर कुणी स्टुडिओ थाटत नाही, कारण मोकळी जागा घुमत नसली तरी गप्पही बसत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. आपल्या शहरांत ती किती पाळली जाते हे वेगळे सांगायला नको. सामान्य बोलणे एक मीटरवर साठ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे नियम काटेकोर पाळला गेला तरी शब्द आणि गोंगाट यांत पाच डेसिबलचेच अंतर राहते. चांगल्या स्टुडिओत गोंगाट वीस डेसिबलपर्यंत खाली असतो आणि तेच अंतर चाळीस होते. बाहेर यावर एकच खात्रीचा उपाय: माइक तोंडाजवळ नेणे. एक मीटरवरून पंधरा सेंटिमीटरवर आणला की सोळा डेसिबलची कमाई होते. कॉलरला लावायचा इवलासा माइक बाहेरच्या मुलाखतीत महागड्या माइकला भारी पडतो तो यामुळेच.

वाऱ्याचे प्रकरण याहून अवघड. रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येणारी वाऱ्याची घरघर बव्हंशी वाऱ्याचा आवाज नसतोच. हवा माइकच्या पडद्यावर आणि जाळीवर आपटून जे भोवरे तयार होतात त्यांचा तो दाब असतो. पानांची सळसळ ऐकू येणार नाही इतक्या मंद झुळकीतही ही गडगड होते. तिची बहुतेक शक्ती खालच्या कंपनसंख्यांत असल्यामुळे ऐंशी-शंभर हर्ट्झच्या खालचे सगळे छाटले की थोडा आराम पडतो. पण पडदा एकदा त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलला गेला की झालेला बिघाड नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण निघत नाही. म्हणून माइकवर आधी स्पंजची टोपी, जास्त वाऱ्यात जाळीचा लांबट पिंजरा आणि त्यावर केसाळ आवरण चढवतात. केस वाऱ्याचा वेग हळूहळू मोडतात, पिंजऱ्याच्या आत स्थिर हवेचा कप्पा राहतो आणि ध्वनी मात्र फारसा अडत नाही. एका दिशेचेच ऐकणारे माइक वाऱ्याला जास्त हळवे असतात. सगळीकडून सारखे ऐकणारा माइक वाऱ्यात बरा टिकतो, पण तो गोंगाटही सगळीकडून घेतो. बाहेरच्या कामात अशी देवाणघेवाण पदोपदी करावी लागते.

हवा ध्वनीला वाकवतेही. दिवसा जमीन तापलेली असते, वर हवा थंड असते आणि ध्वनी वरच्या बाजूला वळून निघून जातो. पहाटे उलट होते. जमिनीलगतची हवा गार, वरची उबदार. ध्वनी खाली वाकतो आणि दिवसा कधी न ऐकू येणारी दूरच्या रुळांवरची गाडी अंगणात ऐकू येते. पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्यांना पहाटच गाठावी लागते, कारण पक्षी तेव्हा गातात आणि वाराही पडलेला असतो. पण त्याच पहाटे लांबचा महामार्ग जवळ आलेला असतो, ही त्या वेळेची किंमत.

पक्ष्यांच्या मुद्रणाचा इतिहास गंमत म्हणजे घरात सुरू होतो आणि तोही एका भारतीय पक्ष्यापासून. १८८९मध्ये जर्मनीत लुडविग कोख या आठ वर्षांच्या मुलाने एडिसनच्या फोनोग्राफवर पाळीव शामाचे गाणे मेणाच्या नळकांड्यावर घेतले. पक्षिगीताचे हे सर्वांत जुने ज्ञात मुद्रण. सह्याद्रीच्या दाट रानांत हा शामा आजही गातो. रानातला पक्षी मात्र माइकजवळ येत नाही, म्हणून अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात १९३०च्या दशकात अन्वस्ताकार थाळीचा वापर सुरू झाला. थाळी दूरचा ध्वनी गोळा करून केंद्रावरच्या माइकवर टाकते. तिचेही एक गणित आहे: थाळीच्या व्यासाहून लांब तरंग तिला नीट पकडता येत नाहीत. साठ सेंटिमीटरची थाळी साधारण ५७० हर्ट्झच्या वरच काम करते. शिळेसाठी ती उत्तम, घुबडाच्या घुत्कारासाठी कुचकामी. पावसाळ्यात ओढ्याकाठी शीळ घालणारा मलबारी कस्तुर तर थाळीलाही दाद देत नाही, कारण वाहत्या पाण्याचा आवाज सगळ्याच कंपनसंख्यांवर पसरलेला असतो. तिथे ओढ्याकडे माइकची पाठ करून बसायचे आणि पक्षी दुसऱ्या बाजूच्या फांदीवर येईपर्यंत थांबायचे, एवढेच हाती असते.

चित्रीकरणात दिसणारा बंदुकीच्या नळीसारखा लांब माइकही बाहेरचाच गडी. त्याच्या नळीला बाजूने खाचा असतात. बाजूने आलेला ध्वनी वेगवेगळ्या खाचांतून मागेपुढे पोचतो आणि स्वतःलाच रद्द करतो. छोट्या घुमणाऱ्या खोलीत बाजूची परावर्तने अशी अर्धवट रद्द होऊन उरतात आणि आवाज विचित्र होतो. जाणकार ध्वनिमुद्रक खोलीत शिरताच तो काढून आखूड माइक लावतात.

आता खोलीकडे. ध्वनिशोषक खोलीविषयीचा सर्वांत पसरलेला गैरसमज म्हणजे घुमारा मारणे आणि आवाज अडवणे ही एकच गोष्ट आहे असे समजणे. ही दोन कामे वेगळी आहेत आणि त्यांचे सामानही वेगळे आहे. घुमारा मारायला हलके, सच्छिद्र, जाड सामान लागते: काचलोकर, खनिज लोकर, गादी. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागते आणि फटी बुजवाव्या लागतात. भिंतीचे वजन दुप्पट केले तेव्हा कुठे सहा डेसिबल जास्त अडतात. दाराखालच्या बोटभर फटीतून सगळी मेहनत वाहून जाते. मोठ्या स्टुडिओत खोलीच्या आत रबरावर किंवा स्प्रिंगांवर टेकवलेली दुसरी खोली बांधतात ती यासाठी. भिंतीला स्पंज चिकटवून शेजारच्यांचा मिक्सर थांबत नाही. अंड्यांचे ट्रे तर दोन्ही कामांना निरुपयोगी आहेत. वर ते झटकन पेट घेतात. तरीही ते लावले जातात, कारण दिसायला ते स्टुडिओसारखे दिसतात.

स्पंजाची जाडीही नुसती दिखाव्याची नसते. भिंतीला लागून असलेली हवा हलू शकत नाही आणि हलत्या हवेलाच शोषक घर्षण करू शकतो. हवेची हालचाल सर्वांत जास्त असते ती भिंतीपासून पाव तरंगलांबीवर. शंभर हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या जवळ, तिचा चतुर्थांश ८५ सेंटिमीटर. इंचभर स्पंजाला तिथवर पोचता येत नाही. तो फक्त वरच्या पट्टीतले ध्वनी खातो. खालचे तसेच घुमत राहतात आणि आवाज स्वच्छ होण्याऐवजी गुदमरल्यासारखा होतो. लांबी, रुंदी, उंची सारखीच असलेली खोली यात भर घालते. दहा फुटी घनाकृती खोलीत ५६ हर्ट्झ आणि त्याच्या पटीतले ध्वनी तिन्ही दिशांनी एकाच वेळी फुगतात. पहिली पट ११२ हर्ट्झची, म्हणजे नेमका पुष्कळ पुरुषांच्या बोलण्याचा पायाच. म्हणून स्टुडिओच्या भिंती वेगवेगळ्या लांबीच्या किंवा तिरक्या ठेवतात आणि कोपऱ्यांत हातभर जाडीचे शोषक उभे करतात.

शोषणाचे टोक म्हणजे निःप्रतिध्वनी कक्ष. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिओ बेरानेक यांनी हार्वर्डमध्ये असा कक्ष उभारला. सहाही बाजूंना काचतंतूंच्या लांब पाचरी. अमेरिकेत रेडमंड इथल्या मायक्रोसॉफ्टच्या कक्षात २०१५मध्ये उणे वीस डेसिबलच्या आसपास पातळी मोजली गेली. शून्य डेसिबल ही माणसाच्या ऐकण्याची खालची सीमा, त्याच्याही खालची ही शांतता. असे कक्ष यंत्रे तपासण्यासाठी असतात, गाण्यासाठी नव्हे. संगीताला थोडा घुमारा हवाच असतो. सॅबिन यांच्या सल्ल्याने बांधलेले आणि १९००मध्ये उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल आजही जगातल्या उत्तम सभागृहांत गणले जाते आणि भरल्या सभागृहात तिथला घुमारा दोन सेकंदांच्या जवळ जातो.

चित्रपटांनी खोली आणि बाहेर यांमध्ये अनेकदा घर बदलले. अर्देशिर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १९३१मध्ये मुंबईत झळकला. तो बराचसा मध्यरात्रीनंतर चित्रित झाला, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जात होती. पुढे हलके पण खडखडणारे कॅमेरे आले, चित्रीकरण डोंगरदऱ्यांत गेले आणि संवाद नंतर डबिंगच्या खोलीत बोलले जाऊ लागले. दशकानुदशके हिंदी सिनेमातली माणसे बर्फात उभी राहून खोलीत बोलल्यासारखी बोलत होती. कान ते पकडतो. छोट्या खोलीचा अगदी थोडा घुमाराही उघड्या आकाशाशी विसंगत वाटतो. शिवाय गोंगाटात माणूस नकळत चढ्या आवाजात आणि लांबवून बोलतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे नोंदवले. शांत खोलीतल्या नटाला हे आठवणीने आणावे लागते आणि बहुतेकांना जमत नाही. कच्छमध्ये चित्रित झालेल्या ‘लगान’ने (२००१) जागेवरच संवाद घेतले आणि त्याच्या ध्वनीला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुंबईच्या गर्दीत झालेल्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’च्या ध्वनीसाठी रसूल पूकुट्टी यांना २००९मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा ही पद्धत मुंबईतही शक्य आहे याबद्दल शंका उरली नाही.

गोंगाट कशाला म्हणायचे, हा प्रश्न मात्र यंत्र सोडवत नाही. १९ मे १९४२ रोजी इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका बागेत बीबीसीचे लोक नाइटिंगेलचे गाणे थेट प्रक्षेपित करण्याच्या तयारीत असताना वरून बॉम्बफेकी विमानांचा ताफा जाऊ लागला. शत्रूला सुगावा लागेल म्हणून प्रक्षेपण थांबवले, मुद्रण चालू राहिले. पक्ष्याच्या गाण्याला विमानांनी ग्रासलेले ते मुद्रण आज युद्धकाळाचा दस्तऐवज म्हणून ऐकले जाते. महाराष्ट्रातले उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि १९९०च्या दशकात त्यांतल्या कित्येक बायकांच्या गळ्यातून, त्यांच्या घरांत, मुद्रितही झाल्या. त्याच बायकांना शहरातल्या कोरड्या खोलीत माइकसमोर बसवले असते तर शब्द अधिक नीट आले असते; पण ओवीची लय ज्या दगडाच्या फिरण्यावर चालते तोच गायब झाला असता. अशा कामात जागेवरचे मुद्रण हाच एकमेव योग्य पर्याय होता.

निवेदन, बोलके पुस्तक, पॉडकास्ट यांचे तसे नाही. तिथे ऐकणाऱ्याला जागा नको, शब्द हवा असतो आणि तो तासन्‌तास कानाला शिणवणारा नसावा लागतो. यासाठी खोलीच हवी, पण ती महागडी असण्याची गरज नाही. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट समोर, पाठीमागे उभी केलेली कापसाची गादी, खाली सतरंजी, समोर मोकळे टेबल नाही, पंखा-फ्रीज बंद आणि माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. हे सगळे करून झाल्यावरही आवाज खटकत असेल, तरच नवा माइक घ्यावा.